इंटिमा, एंडोथेलियम आणि ‘अंतःस्तर’

रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या थरांबद्दलचा तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वर्गातल्या टिपणात ‘ट्युनिका इंटिमा म्हणजे चपट्या पेशींचा एकेरी थर’ असं लिहिलंय, पाठ्यपुस्तकात त्याच इंटिमाचे तीन भाग दाखवलेत, एका जुन्या आकृतीवर ‘ट्युनिका इंटर्ना’ छापलंय आणि मराठीतून समजून घ्यायला गेलं तर इंटिमा आणि एंडोथेलियम या दोन्हींसाठी ‘अंतःस्तर’ हाच शब्द भेटतो. मग खरं काय, आणि उत्तरपत्रिकेत काय लिहायचं?

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. गेली 22 वर्षं रक्तवाहिन्यांच्या स्लाइड्स पाहते आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना हिस्टॉलॉजी, म्हणजे ऊतींची सूक्ष्म रचनाही शिकवते. तुमचा गोंधळ मला दरवर्षी भेटतो, आणि तो तुमच्या अभ्यासातल्या कमतरतेमुळे झालेला नाही. वरवर एक दिसणाऱ्या या प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेले आहेत. या थराचं नाव काय, त्यात काय काय असतं, आणि तो संपतो कुठे. पहिल्याचं उत्तर ठरलेलं आहे. दुसऱ्याचं उत्तर कोणती रक्तवाहिनी आणि कोणत्या वयाची, यावर अवलंबून आहे. तिसरा प्रश्न संकेताचा आहे आणि त्याची दोन उत्तरं प्रचारात आहेत. तिन्ही एकत्र वाचले की पुस्तकं एकमेकांना खोटं पाडताहेत असं वाटतं.

आधी नावाचं पाहू. लॅटिनमध्ये ट्युनिका म्हणजे अंगरखा. शरीररचनेत एखाद्या अवयवाला वेढणाऱ्या आवरणाला हा शब्द लावतात, म्हणून डोळ्यालाही ट्युनिका आहेत आणि वृषणालाही. ‘इंटिमा’ हे विशेषण तम-भाव दाखवणारं आहे: आतला नव्हे, सर्वांत आतला. ‘मीडिया’ म्हणजे मधला आणि ‘एक्स्टर्ना’ म्हणजे बाहेरचा. धमनी आणि शीर या दोन्हींच्या भिंतीत हे तीन अंगरखे एकावर एक असतात. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या ‘टर्मिनॉलॉजिया अ‍ॅनाटोमिका’ या आंतरराष्ट्रीय शब्दसूचीत रक्तवाहिनीच्या थरांची नावं ट्युनिका इंटिमा, ट्युनिका मीडिया आणि ट्युनिका एक्स्टर्ना अशीच आहेत.

‘ट्युनिका इंटर्ना’ हे इंटिमाचंच दुसरं नाव. काही पुस्तकांत ते अजूनही दिसतं. ते चूक म्हणून कुणी कापू नये, पण मी विद्यार्थ्यांना ते वापरू नका असं सांगते. कारण साधं आहे. डोळ्याच्या सर्वांत आतल्या आवरणाला, म्हणजे दृष्टिपटल ज्यात येतं त्याला, ट्युनिका इंटर्ना म्हणतात. रक्तवाहिनीसाठी इंटिमा राखून ठेवली की वाचणाऱ्याला थबकावं लागत नाही. असाच जोडशब्दांचा घोळ बाहेरच्या थराचा आहे. एक्स्टर्ना आणि ‘अ‍ॅडव्हेंटिशिया’ हे रक्तवाहिनीपुरते एकाच अर्थी वापरले जातात. शस्त्रक्रिया करणारे आणि आम्ही पॅथॉलॉजीवाले सर्रास अ‍ॅडव्हेंटिशिया म्हणतो, शरीररचनेची सूची एक्स्टर्ना म्हणते. दोन्ही लिहिलेलं चालतं, फक्त एका उत्तरात एकच ठेवा.

आता खरा गुंता. इंटिमा हा भिंतीचा एक थर आहे. एंडोथेलियम ही एक ऊती आहे, म्हणजे विशिष्ट पेशींची सलग एकेरी चादर, आणि ती त्या थराच्या रक्ताकडच्या पृष्ठभागावर असते. एंडोथेलियम इंटिमात येतं. पण इंटिमा म्हणजे फक्त एंडोथेलियम असं बहुतेक रक्तवाहिन्यांत म्हणता येत नाही. शब्दांच्या जातीच वेगळ्या आहेत हे एकदा लक्षात आलं की बरंच काही सुटतं. ‘एंडोथेलियम’ हा शब्द विल्हेल्म हिस यांनी 1865 साली रूढ केला. शरीराच्या बाहेरच्या बाजूशी जोडलेल्या पृष्ठभागांवरच्या एपिथेलियमपासून आतल्या बंद पोकळ्यांचं अस्तर वेगळं ओळखता यावं, हा त्यामागचा हेतू होता. पुढे या शब्दाची व्याप्ती आक्रसली. फुप्फुसाभोवतीच्या किंवा पोटातल्या पोकळीच्या अस्तराला आपण आता मेसोथेलियम म्हणतो आणि एंडोथेलियम हे रक्तवाहिन्या, लसिकावाहिन्या आणि हृदयाचे कप्पे यांच्यापुरतं ठेवतो. यातून आणखी एक फरक दिसतो. हृदयाच्या आतल्या बाजूला एंडोथेलियम आहे, पण तिथल्या थराला इंटिमा म्हणत नाहीत, एंडोकार्डियम म्हणतात. ऊती तीच, थराचं नाव मात्र अवयवाप्रमाणे बदललं.

मग इंटिमात आणखी काय असतं? रक्ताच्या बाजूने आत शिरत जाऊ. प्रथम एंडोथेलियम: चपट्या पेशी, रक्ताच्या प्रवाहाच्या दिशेने लांबट झालेल्या. केंद्रकाचा फुगवटा सोडला तर इतरत्र या पेशीची जाडी 1 मायक्रोमीटरहूनही कमी असते, म्हणून साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तुम्हाला पेशी दिसतच नाही, ओळीने मांडलेली गडद केंद्रकं तेवढी दिसतात. तिच्याखाली बेसल लॅमिना, म्हणजे या पेशी ज्यावर टेकतात तो अतिशय पातळ पडदा, तीही नेहमीच्या रंगात वेगळी दिसत नाही. त्याखाली सबएंडोथेलियल थर, म्हणजे एंडोथेलियमखालची विरळ संयोजी ऊती. तिच्यात कोलॅजेनचे तंतू, प्रोटिओग्लायकन्स आणि तुरळक अरेखित स्नायुपेशी असतात. शेवटी, धमनीत, लवचिक इलॅस्टिनचा एक पापुद्रा, ज्याला इंटर्नल इलॅस्टिक लॅमिना म्हणतात. त्याच्या पलीकडे मीडिया.

आता टिपणातलं ‘एकेरी थर’ हे वाक्य कुठून आलं ते पाहा. केशवाहिनीत ते जवळजवळ खरं आहे. 5 ते 10 मायक्रोमीटर व्यासाच्या त्या नळीत एंडोथेलियम, बेसल लॅमिना आणि बाहेरून चिकटलेल्या काही पेरिसाइट पेशी, एवढंच असतं. मीडिया नाही, म्हणण्यासारखी एक्स्टर्ना नाही. कुणीतरी केशवाहिनीचं वर्णन उचलून सगळ्या रक्तवाहिन्यांना लावलं की तुमच्या टिपणातलं वाक्य तयार होतं. अगदी लहान धमन्यांतही सबएंडोथेलियल थर इतका पातळ असतो की एंडोथेलियम थेट लवचिक पापुद्र्यावर बसल्यासारखं दिसतं. तिथेही ते वाक्य खपून जातं.

पण महाधमनीकडे या. प्रौढ माणसाच्या महाधमनीत इंटिमा सुमारे 100 ते 150 मायक्रोमीटर जाड असते. त्यातलं एंडोथेलियम म्हणजे वरची जेमतेम एक रेघ, बाकी सगळा सबएंडोथेलियल थर. आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कॉरोनरी धमन्यांबद्दल तर मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण पहिल्या वर्षाच्या आकृत्या इथे सगळ्यांत जास्त फसवतात. प्रौढांच्या कॉरोनरी धमनीत कोणताही आजार नसतानाही इंटिमा मीडियाइतकी, कधी तिच्याहूनही जाड असू शकते. हे जाड होणं लहानपणापासूनच सुरू होतं. विशेषतः धमनी जिथे फाटे फोडते तिथे, रक्ताच्या दाबाला आणि घर्षणाला भिंत जुळवून घेते त्यातून ते होतं. त्याला अनुकूलनात्मक जाडी म्हणतात. मी शिकाऊ असताना अशी पहिली स्लाइड पाहिली तेव्हा ‘आजार’ म्हणून नोंद करायला निघाले होते. माझ्या शिक्षिकेने थांबवलं आणि विचारलं, ‘ही जाडी कशाने भरली आहे ते पाहिलंस का?’ ती फक्त स्नायुपेशी आणि तंतूंनी भरलेली होती, चरबीचा मागमूस नव्हता. तेव्हापासून ‘इंटिमा म्हणजे पेशींचा एक थर’ हे वाक्य मला खटकतं. ते मनात धरून बसलेल्या माणसाला निरोगी प्रौढ धमनी रोगट दिसते.

शिरांचं थोडक्यात: तिथे इंटिमा पातळ असते आणि लवचिक पापुद्रा एकतर नसतो किंवा तुटक असतो. पण शिरांच्या झडपा ही इंटिमाचीच करामत आहे. इंटिमाची घडी पोकळीत डोकावते, दोन्ही बाजूंनी एंडोथेलियम आणि मधे संयोजी ऊतीचा पातळ गाभा, अशी ती रचना असते. फॅब्रिशियस यांनी 1603 साली या झडपांचं सविस्तर वर्णन छापलं आणि त्यांचे शिष्य विल्यम हार्वे यांनी 1628 च्या ग्रंथात रक्त एकाच दिशेने फिरतं हे दाखवताना त्यांचाच आधार घेतला. इंटिमा म्हणजे निव्वळ एंडोथेलियम असती तर झडपेला गाभाच मिळाला नसता.

इथवरचं एकदा जुळवून घेऊ: नाव इंटिमा, तिच्या पृष्ठभागावर एंडोथेलियम सगळीकडे, त्याखालचा भाग केशवाहिनीत नावापुरता, महाधमनीत आणि कॉरोनरीत भरघोस. राहिली हद्द.

लवचिक पापुद्रा कुणाचा? बहुतेक हिस्टॉलॉजीची पुस्तकं त्याला इंटिमाचा सर्वांत बाहेरचा भाग धरतात. तुमच्या पाठ्यपुस्तकातले ‘तीन भाग’ म्हणजे एंडोथेलियम, सबएंडोथेलियल थर आणि हा पापुद्रा. पण 1992 साली अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या एका समितीने, हर्बर्ट स्टेरी यांच्या पुढाकाराने, मानवी धमनीच्या इंटिमाची व्याख्या प्रसिद्ध केली आणि तीत हा पापुद्रा मीडियात धरला. त्यांच्या मते इंटिमा एंडोथेलियमपासून सुरू होते आणि मीडियाच्या आतल्या काठाशी संपते. पापुद्रा हा तो काठ. रोगाच्या बाजूने पाहिलं तर हे सोयीचं आहे. इंटिमात चरबी साचते, पेशी वाढतात, तिची जाडी वयाप्रमाणे बदलते आणि पापुद्रा मात्र बहुधा जागच्या जागी राहतो. मोजायला बसलं तर तीच पक्की रेघ मिळते.

मी काय करते? शिकवताना पाठ्यपुस्तकाप्रमाणे पापुद्रा इंटिमात धरते, कारण परीक्षकाच्या मनातही तेच असतं. अहवाल लिहिताना मात्र ‘इंटर्नल इलॅस्टिक लॅमिना अखंड’ किंवा ‘तुटलेली’ असं स्वतंत्र वाक्य लिहिते आणि ती कुठल्या थराची हा प्रश्न येऊच देत नाही. डोक्याच्या कानशिलाकडच्या धमनीचा जायंट सेल आर्टरायटिस (भिंतीला दाह होणारा आजार) पाहताना पापुद्रा कुठे तुटला आहे हे शोधावंच लागतं, तिथे तो कुणाचा याला काहीच महत्त्व नसतं.

हा पापुद्रा स्लाइडवर कसा ओळखायचा ते सांगते, कारण तो सापडला की सगळी आकृती जागेवर बसते. नेहमीच्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिन रंगात तो गुलाबी, चकाकणारा आणि नागमोडी दिसतो. नागमोडी का? जिवंत शरीरात रक्ताच्या दाबाने धमनी ताणलेली असते, तेव्हा तो बराच सरळ असतो. नमुना काढल्यावर दाब जातो, मीडियाचे स्नायू आकसतात आणि पापुद्र्याला चुण्या पडतात. व्हेरहॉफ-व्हॅन गीसन रंगात तो काळा कुळकुळीत दिसतो, कोलॅजेन लाल आणि स्नायू पिवळसर. हद्द पाहायची असेल तर हाच रंग मागावा. पापुद्रा सलग नसतो, त्याला बारीक छिद्रं असतात. इंटिमात स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, धमनीची भिंत पोसणाऱ्या बारीक वाहिन्या बाहेरून येऊन मीडियाच्या बाहेरच्या भागापर्यंतच पोचतात. आतल्या भागाचं पोषण पोकळीतल्या रक्तातून झिरपून होतं आणि ते मीडियाकडे जायला ही छिद्रं उपयोगी पडतात.

सगळ्या धमन्यांत पापुद्रा सारखा नसतो. मेंदूच्या धमन्यांत तो ठसठशीत असतो आणि मीडियाच्या बाहेरचा दुसरा लवचिक पापुद्रा तिथे नसतो. महाधमनीत मीडियातच लवचिक पापुद्र्यांचे थरावर थर असतात, त्यामुळे त्यांतला पहिला कोणता हे ठामपणे दाखवणं अवघड जातं. तिथे ‘इथे इंटिमा संपली’ असं बोट ठेवताना तुम्ही अडखळलात तर तो तुमचा दोष समजू नका.

तुम्ही विचाराल, एंडोथेलियम आणि इंटिमा यांतला फरक इतका ताणायचा कशाला? माझं आवडतं उदाहरण देते. अ‍ॅसिटिलकोलीन या मज्जातंतूंतून स्रवणाऱ्या रसायनाने रक्तवाहिनी शिथिल व्हायला हवी, पण प्रयोगशाळेत कापून टांगलेल्या महाधमनीच्या पट्ट्या उलट आकुंचन पावत. औषधशास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट यांना कोडं सुटलं ते पट्टी तयार करताना तिची आतली बाजू घासली जाते हे लक्षात आल्यावर. घासल्याने फक्त एंडोथेलियमच्या पेशी निघून जात होत्या, भिंत तशीच राहत होती. 1980 साली त्यांनी जॉन झवाद्झ्की यांच्यासह हे प्रसिद्ध केलं. सशाच्या महाधमनीत एंडोथेलियम शाबूत असेल तरच अ‍ॅसिटिलकोलीनने स्नायू सैल पडत. तिथून शोध पुढे गेला तो नायट्रिक ऑक्साइडपर्यंत, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या एंडोथेलियममधल्या वायूपर्यंत, आणि 1998 चं नोबेल फर्चगॉट, लुइ इग्नारो आणि फेरिड म्युराड यांना मिळालं. इंटिमा आणि एंडोथेलियम एकच मानलं तर हा प्रयोग नीट सांगताही येत नाही.

रोगांतही असंच. अ‍ॅथरोस्क्लेरोसिस हा इंटिमाचा आजार आहे: एंडोथेलियमखाली कोलेस्टेरॉल साचतं, ते गिळणाऱ्या पेशी फुगतात, मीडियातून स्नायुपेशी सरकून येतात, वर तंतूंची टोपी तयार होते. हे सगळं त्या सबएंडोथेलियल जागेत घडतं. ती जागाच तुमच्या टिपणातून गायब आहे. याउलट मोंकेबर्ग यांच्या नावाने ओळखलं जाणारं कॅल्सिफिकेशन मीडियात होतं आणि ते स्वतःहून पोकळी अरुंद करत नाही. क्ष-किरणात दोन्हीकडे कॅल्शियमच दिसतं, पण थर वेगळा म्हणून अर्थ वेगळा.

मात्र दवाखान्यातले सगळे शब्द थरांशी काटेकोर राहत नाहीत, हेही माहीत असावं. मानेतल्या कॅरोटिड धमनीची सोनोग्राफी करून ‘इंटिमा-मीडिया थिकनेस’ मोजतात. दोन्ही नावं जोडलेली आहेत कारण सोनोग्राफीत ते दोन थर वेगळे दिसत नाहीत. इटलीतल्या पिग्नोली आणि सहकाऱ्यांनी 1986 साली दाखवलेल्या दोन समांतर रेघांपैकी पहिली रक्त आणि इंटिमा यांच्या सीमेची, दुसरी मीडिया आणि अ‍ॅडव्हेंटिशिया यांच्या सीमेची. मधलं अंतर म्हणजे दोन्ही थर मिळून. त्या आकड्यावरून इंटिमा एकटी किती जाड आहे हे सांगता येत नाही. महाधमनीच्या डिसेक्शनमध्ये, म्हणजे भिंत आतून चिरत जाते तेव्हा, ‘इंटिमल फ्लॅप’ म्हणतात, पण रक्त मीडियाच्या आत शिरून ती चिरत जातं, म्हणून पोकळीत लोंबणाऱ्या त्या पदराला मीडियाचाही भाग चिकटलेला असतो. एंडआर्टरेक्टॉमी या तुंबलेली धमनी मोकळी करण्याच्या शस्त्रक्रियेत सर्जन प्लाकसह (साचलेल्या चरबीच्या थरासह) इंटिमा काढतात आणि तिच्यासोबत मीडियाचा आतला भागही निघतो. उरलेली मीडिया आणि अ‍ॅडव्हेंटिशिया रक्ताचा दाब पेलतात. हे शब्द चुकीचे म्हणून टाकून देऊ नका. ते वापरणाऱ्यांना आत काय आहे हे ठाऊक असतं, तुम्हालाही ठाऊक असावं एवढंच.

आता मराठी शब्दांचं. ‘अंतःस्तर’ दोन्हींसाठी वापरल्यामुळे तुमचा गोंधळ झाला. माझं मत स्पष्ट आहे. शाळेत आपण एपिथेलियमला अभिस्तर शिकतो. त्याच घडणीने एंडोथेलियमला अंतःस्तर हा शब्द चपखल बसतो: एपिचा अभि, एंडोचा अंतः. म्हणून तो एंडोथेलियमसाठीच राखावा. इंटिमासाठी मला ‘अंतरतम आवरण’ आवडतं, कारण लॅटिन शब्दातला ‘सर्वांत आतला’ हा तम-भाव त्यात जसाच्या तसा उतरतो, आणि आवरण म्हटल्याने आपण थराबद्दल बोलतोय, ऊतीबद्दल नाही, हे कळतं. बोलताना मी सरळ ‘इंटिमा’च म्हणते. जुन्या मराठी ग्रंथांत धमनीला रोहिणी आणि शिरेला नीला म्हटलेलं आढळेल, ते वाचताना अडू नका.

उत्तरपत्रिकेत असं लिहा: ट्युनिका इंटिमा हा रक्तवाहिनीच्या भिंतीचा सर्वांत आतला थर, त्यात एंडोथेलियम व त्याची बेसल लॅमिना, सबएंडोथेलियल संयोजी ऊती आणि धमन्यांमध्ये इंटर्नल इलॅस्टिक लॅमिना येते, केशवाहिनीत फक्त एंडोथेलियम व बेसल लॅमिना उरतात. पापुद्रा काही व्याख्यांत मीडियात धरतात, हे अर्ध्या वाक्यात जोडलंत तर तोंडी परीक्षेतल्या पुढच्या प्रश्नाचं उत्तरही देऊन झालं. आकृतीत एंडोथेलियम आणि पापुद्रा यांच्यामध्ये रिकामी जागा सोडू नका, तिथे दोन-चार तंतू आणि एखादी स्नायुपेशी काढा. आणि पुढच्या प्रात्यक्षिकात मध्यम आकाराच्या धमनीची स्लाइड मिळाली की आधी ती नागमोडी गुलाबी रेघ शोधा, मग तिथून पोकळीकडे या आणि वाटेत काय काय लागतं ते वहीत उतरवा.